पाठ आधी, पडदा नंतर : जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात तंत्रज्ञान कसे आणावे

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेच्या कार्यालयातले लोखंडी कपाट उघडले, तर त्यात वर्गातील तंत्रज्ञानाचा चाळीस वर्षांचा प्रवास थराथराने सापडतो. पुण्यात १९८४ मध्ये मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली, त्या काळात आलेला दूरदर्शन संच, नंतरच्या ध्वनिफिती आणि सीडी, संगणक कक्षातले जुने संगणक आणि अलीकडचे टॅब असे सारे त्यात असते. शैक्षणिक कार्यक्रमांसाठीचा एज्युसॅट हा उपग्रह इस्रोने २००४ मध्ये सोडला, आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर लोकसहभागातून शेकडो गावांनी आपल्या शाळा 'डिजिटल' केल्या. या प्रत्येक प्रयत्नामागची तळमळ खरी होती. मात्र बहुतेक वेळा वस्तू आधी आली आणि ती कोणत्या पाठासाठी वापरायची हा प्रश्न नंतर विचारला गेला. कपाटातली धूळ त्या उलट क्रमाची आहे.

हा क्रम चुकला की काय होते, हे इतर देशांनीही पाहिले आहे. पेरू देशातील ग्रामीण शाळांत मुलांना लॅपटॉप वाटण्यात आले; २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषा या विषयांत त्यामुळे काही प्रगती झाल्याचे आढळले नाही. याउलट दिल्लीतील माध्यमिक वयाच्या मुलांवरील एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक मुलाला संगणकावर त्याच्या स्वतःच्या पातळीचा सराव मिळाला आणि साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत चांगली वाढ दिसली. हा सराव ज्या केंद्रांवर होत असे, तिथे रोजच्या दीड तासापैकी अर्धा वेळ संगणकाचा आणि अर्धा वेळ शिकवणाऱ्या माणसासोबतच्या गटकार्याचा होता, हे येथे विसरता कामा नये.

पुढील मार्गदर्शन दोन ते पाच शिक्षकांच्या, तीस ते शंभर पटसंख्येच्या मराठी शाळेला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. मोठ्या शाळांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल, पण लहान शाळेत एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळत असतो आणि वायरमन बोलावण्यापासून पाठाचे टाचण लिहिण्यापर्यंत सारे त्यालाच पाहावे लागते, म्हणून विचार तिथून सुरू केला आहे.

पहिली पायरी : अडणाऱ्या पाठांची वही

काहीही विकत घेण्याआधी, किंवा देणगी स्वीकारण्याआधी, एक पूर्ण सत्र साधी दोनशे पानी वही ठेवावी. ज्या दिवशी एखादा पाठ अडेल, त्या दिवशी शाळा सुटण्यापूर्वी तीन गोष्टी लिहाव्यात : कोणती अध्ययन निष्पत्ती (म्हणजे त्या पाठातून मुलांना काय यायला हवे) होती, मुले नेमकी कुठे थांबली आणि का थांबली असावीत. 'मुलांना समजले नाही' ही नोंद निरुपयोगी आहे. 'तीन चतुर्थांश आणि सहा अष्टमांश समान आहेत हे चित्रात दाखवले तेव्हा पटले, चित्र पुसल्यावर आठ मोठे म्हणून सहा अष्टमांश मोठे, असे सांगू लागली' ही नोंद उपयोगी आहे.

सत्र संपल्यावर या नोंदी कारणांनुसार वेगळ्या कराव्यात. काही पाठ अडतात, कारण ती गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही : ती फार लहान असते, फार दूर असते किंवा फार संथ घडते. काही पाठ अडतात, कारण मुलांच्या कानावर ती भाषा पडत नाही; इंग्रजी उच्चारांचे हे विशेषतः खरे आहे. काही ठिकाणी समज असते, पण प्रत्येक मुलाला हवा तितका आणि हव्या त्या पातळीचा सराव देणे एकट्या शिक्षकाला शक्य होत नाही. या तीन प्रकारांत तंत्रज्ञान मनापासून मदत करू शकते.

उरलेल्या नोंदी वेगळ्या असतात. मूल ऊसतोडीच्या हंगामात पालकांसोबत चार महिने बाहेर होते, मागच्या इयत्तेतला पाया कच्चा राहिला, किंवा आपणच उदाहरण चुकीचे निवडले. या दुखण्यांवर पडदा हे औषध नाही. मी अशी वही प्रथम ठेवली, तेव्हा पडद्याने सुटतील अशा नोंदी निम्म्याही निघाल्या नाहीत, आणि ते कळल्यामुळे पुढची खरेदी लहान व नेमकी झाली.

भाषेच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारमध्ये पावरी व भिल्ली बोलणारी मुले पहिलीत येतात तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्यांना नवीन असते. तिथे सर्वांत मोलाचे उपकरण म्हणजे साध्या मोबाइलवरचा ध्वनिमुद्रक. गावातील आजीने स्वतःच्या बोलीत सांगितलेली गोष्ट मुद्रित करून घ्यावी, वर्गात ऐकवावी आणि मग तीच गोष्ट मराठीत सांगावी. त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही, आणि आपली बोली शाळेच्या भिंतीआड ऐकताना मुलांचे चेहरे जसे खुलतात तसे कोणत्याही सशुल्क चित्रफितीने खुललेले मी पाहिलेले नाहीत.

दुसरी पायरी : वीज, अर्थिंग आणि पावसाळा

शाळेतील उपकरणे मुलांच्या हाताळणीपेक्षा विजेच्या चढउतारांनी आणि दमटपणाने अधिक बिघडतात. म्हणून संच घेण्याआधी वर्गखोलीचे वायरिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरे छिद्र असणे म्हणजे अर्थिंग, म्हणजे बिघाडाच्या वेळी वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, असणे नव्हे. अनेक जुन्या खोल्यांत त्या छिद्रामागे तारच जोडलेली नसते. अर्थिंग नसलेल्या खोलीत धातूच्या आवरणाचे कोणतेही यंत्र मुलांच्या हाताला लागू देणे धोक्याचे आहे, आणि एवढ्या एका कारणासाठी उरलेली सर्व खरेदी सहा महिने लांबवावी लागली तरी ती लांबवावी.

यानंतर साधा हिशेब करावा. ४३ इंची एलईडी टीव्हीला सुमारे ८० वॅट लागतात, तर वर्गात वापरायच्या दिवा असलेल्या प्रोजेक्टरला सुमारे ३०० वॅट लागतात. रोज दोन तास आणि वर्षातील २२० दिवस वापर धरला, तर टीव्हीची वीज वर्षाला सुमारे ३५ युनिट होते आणि प्रोजेक्टरची सुमारे १३२ युनिट. लहान शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातूनच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल असे सारे भागवायचे असते. बिल थकल्यामुळे वीज तोडली गेली आणि डिजिटल वर्ग बंद पडला, असे अनेक गावांत घडले आहे. त्यामुळे वीजबिलाची तरतूद शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना युनिटांचा हा आकडा फळ्यावर मांडून दाखवला, तर ते तो लगेच समजून घेतात, कारण शेतीपंपाचा हिशेब त्यांना रोजचाच असतो.

वीज जाण्याच्या वेळांसाठी इन्व्हर्टर घ्यायचा असेल, तर १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. पण बॅटरी टिकवायची असेल तर त्यातली साधारण निम्मीच वापरावी, आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. हाती सुमारे ७५० वॅट-तास उरतात, म्हणजे टीव्ही नऊ तास किंवा प्रोजेक्टर अडीच तास. जिथे दुपारी हमखास वीज जाते, तिथे टीव्ही घ्यावा की प्रोजेक्टर, याचा निर्णय बहुधा या दोन आकड्यांवरच होतो.

पावसाळ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये बंद पेटीत ठेवलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी चढते. या काळात पाठ नसला तरी आठवड्यातून दोनदा यंत्र अर्धा तास चालू ठेवावे, म्हणजे आतील ऊब दमटपणा घालवते. ढगांचा गडगडाट सुरू झाला की केवळ बटण बंद न करता प्लग आणि बाहेरून येणारी केबल दोन्ही काढून ठेवावीत. पत्र्याच्या छपराखाली जोराचा पाऊस पडताना काहीही ऐकू येत नाही, हे लक्षात घेऊन ऐकण्याचे पाठ त्या महिन्यांत योजूच नयेत.

तिसरी पायरी : शेवटच्या ओळीतील मुलाला काय दिसते

मुले बारकाईने वाचणार असतील तर शेवटच्या मुलाचे पडद्यापासूनचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नसावे, हा मोजमापाचा सोपा नियम आहे. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते, म्हणजे तो सव्वातीन मीटरपर्यंतच चालतो. ५५ इंची टीव्ही चार मीटरपर्यंत चालतो. सहा मीटर खोल वर्गखोलीत शेवटच्या भिंतीपर्यंत वाचता यावे यासाठी एक मीटर उंचीचे चित्र लागते, आणि ते सुमारे ८० इंची पडद्यावरच मिळते. मोठा टीव्ही परवडत नसेल तर मुलांना बाकांवरून उठवून पडद्यासमोर सतरंजीवर अर्धवर्तुळात बसवावे. सतरंजीची ही व्यवस्था मला महागड्या पडद्याहून श्रेष्ठ वाटते, कारण मुले जवळ आली की बोलतातही जास्त.

मराठीसाठी या नियमावर एक वाढीव चाचणी करावी लागते, कारण आपल्या लिपीत अर्थ बदलणाऱ्या खुणा फार लहान असतात. पडद्यावर 'घर – धर', 'भरत – मरत', 'बाट – वाट', 'पार – पारं', 'कर्म – क्रम' अशा जोड्या लिहाव्यात आणि शेवटच्या ओळीतील मुलाला त्या वाचायला सांगाव्यात. अनुस्वार आणि रफार स्पष्ट दिसेपर्यंत अक्षर मोठे करत जावे, आणि जो आकार ठरेल तो पडद्याशेजारी कागदावर लिहून चिकटवून ठेवावा. या चाचणीत एखादे मूल एकटेच अडखळले तर तो पडद्याचा दोष नसून त्या मुलाला चष्म्याची गरज असू शकते, आणि ही बाब त्याच दिवशी पालकांना कळवावी.

प्रोजेक्टर असेल तर किमान ३००० ल्युमेनचा घ्यावा. कमी उजेडाचे यंत्र घेतले की खिडक्या झाकाव्या लागतात, अंधारात वही लिहिता येत नाही आणि वर्ग चित्रपटगृहासारखा होतो.

चौथी पायरी : साहित्य कुठून आणावे आणि कसे पारखावे

सुरुवात पाठ्यपुस्तकापासूनच करावी. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या पुस्तकातील कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या शैक्षणिक साहित्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर उघडतात. नेटवर्क नसलेल्या गावातील शिक्षकाने तालुक्याच्या ठिकाणी किंवा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेच्या दिवशी पुढील महिन्याचे साहित्य ॲपमध्ये उतरवून घ्यावे. ते नंतर नेटवर्कशिवाय उघडता येते. पाठ चालू असताना फिरणारे चक्र पाहत बसणे हा वर्गाचा सर्वांत वाईट अपव्यय आहे, म्हणून ऐनवेळी इंटरनेटवर विसंबणारा पाठ योजूच नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केलेला प्रकल्प आहे. त्यातील, पडद्यावर हाताळून पाहता येणाऱ्या प्रयोगांच्या, अनेक प्रतिकृती मराठीत उपलब्ध आहेत आणि त्या उतरवून घेता येतात. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' आणि आकाशदर्शनासाठी 'स्टेलॅरियम' या विनामूल्य प्रणाली पुरेशा आहेत. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या ज्या चित्रफिती तयार केल्या, त्या मला विशेष प्रिय आहेत, कारण त्या पाहून झाल्यावर मूल पडद्यापुढे बसून राहत नाही, काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी शोधायला धावते.

कोणतीही चित्रफीत वर्गात दाखवण्याआधी शिक्षकाने ती शेवटपर्यंत पाहावी. पाहताना आशयाची अचूकता, मराठीचा दर्जा, मध्येच येणाऱ्या जाहिराती आणि लांबी या चार गोष्टी तपासाव्यात. पाचवीच्या आतील मुलांसाठी चार मिनिटांपेक्षा लांब तुकडा एका दमात दाखवू नये.

स्वतः साहित्य तयार करताना युनिकोड या, सर्व यंत्रांवर सारखीच अक्षरे दाखवणाऱ्या, पद्धतीतच टंकलेखन करावे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली कार्यपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात, आणि एका शिक्षकाची मेहनत दुसऱ्याच्या कामी येत नाही. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी आणखी एक बारकावा पाहावा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरायचा आहे, पण अनेक मोबाइल आणि संगणक मुळात हिंदी वळणाची अक्षरे दाखवतात. नुकतेच अक्षर ओळखू लागलेले मूल पुस्तकात एक 'ल' आणि पडद्यावर दुसरा 'ल' पाहून गोंधळते. फॉन्ट निवडताना 'लाल', 'शाळा', 'शिला' हे शब्द टंकून, पुस्तकाशी ताडून पाहावेत.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष तास

जे हाताने करता येते ते पडद्यावर करू नये, आणि पडदा आलाच तर तो हातांनी केलेल्या कामानंतर यावा, हे तत्त्व धरून दोन पाठ कसे बांधता येतात ते पाहू.

पहिला पाठ विद्युत मंडलाचा. प्रत्येक गटाला एक सेल, एक लहान दिवा आणि तारेचे दोन तुकडे द्यावेत, आणि दिवा लावून दाखवण्यापलीकडे कोणतीही सूचना देऊ नये. पंधरा मिनिटांत बहुतेक गट दिवा लावतात. मग प्रश्न विचारावा : दिव्याच्या आधीच्या तारेत जास्त वीज असेल की नंतरच्या? बहुतेक मुले 'आधीच्या' असे सांगतात, कारण दिवा वीज 'खातो' अशी त्यांची कल्पना असते. प्रत्येकाचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. आता फेटची प्रतिकृती उघडावी. तिच्यात तारेतून वाहणारे कण दिसतात, आणि दोन्ही बाजूंनी ते सारख्याच वेगाने सरकत असल्याचे मुले स्वतः पाहतात. हे दृश्य सेल आणि तारेने दाखवता येत नाही. पडद्याची जागा नेमकी इथे आहे. प्रतिकृती थांबवून 'मग दिवा घेतो तरी काय?' असे विचारावे आणि चर्चा रंगू द्यावी. पूर्ण तासात पडदा दहा मिनिटांहून अधिक चालत नाही.

दुसरा पाठ चंद्रकलांचा, आणि त्याची तयारी एक महिना आधी सुरू होते. शुक्ल द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत मुलांनी रोज सूर्य मावळल्यानंतर चंद्र कुठे आणि कोणत्या आकाराचा दिसतो, हे अंगणात उभे राहून वहीत काढावे. द्वितीयेची कोर पश्चिमेला मावळतीजवळ, अष्टमीचा अर्धा चंद्र डोक्याच्या आसपास आणि पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवताना, असा क्रम त्यांच्याच चित्रांतून उलगडतो. कृष्ण पक्षात चंद्र उशिरा उगवत असल्याने मुले तो हरवला असे मानतात. त्या दिवसांत सकाळी शाळेला येताना पश्चिमेकडे पाहायला सांगावे. यानंतर अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीवर खोचलेला चेंडू देऊन, स्वतःभोवती सावकाश फिरत चेंडूवरील प्रकाशाचा भाग पाहायला लावावा. पृथ्वीची सावली पडल्यामुळे कला दिसतात, हा मोठ्यांमध्येही रूढ असलेला गैरसमज या चेंडूनेच दूर होतो. सर्वांत शेवटी स्टेलॅरियममध्ये आपल्या गावाचे स्थान निवडून तो पूर्ण महिना भरभर पुढे सरकवावा आणि मुलांनी आपल्या वहीतील चित्रे त्याच्याशी ताडून पाहावीत. ढगाळ दिवसांच्या रिकाम्या चौकटी ती तेव्हा भरून घेतात. आधी आकाश पाहिलेले असल्यामुळे पडद्यावरचे आकाश त्यांना आपले वाटते. क्रम उलटा केला तर तो केवळ एक खेळ ठरतो.

बहुवर्ग शाळेत एका इयत्तेला पडद्यापुढे बसवून दुसरीला शिकवण्याचा मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही त्या गटाला पाहण्याआधी फळ्यावर तीन प्रश्न लिहून द्यावेत आणि पाहून झाल्यावर पाच मिनिटे तरी त्यांच्यात जाऊन बसावे.

सहावी पायरी : मुलांच्या हाती उपकरण

टॅब थोडे आणि मुले जास्त, ही अडचण नीट वापरली तर लाभाची ठरते. तीन मुलांना एक टॅब द्यावा आणि कामे वाटून द्यावीत : एकाने हाताळावे, दुसऱ्याने वाचावे, तिसऱ्याने वहीत उत्तर लिहावे. दर सात-आठ मिनिटांनी कामे बदलावीत. ही अदलाबदल घड्याळ लावून करावी लागते, कारण शिक्षकाचे लक्ष हटले की हुशार किंवा दांडगा मुलगा टॅब सोडत नाही आणि मुली लिहिण्याच्या कामावरच राहतात. कोणत्या मुलीने किती वेळ उपकरण हाताळले, याची महिनाभर नोंद ठेवून पाहावी; ती नोंद आपल्यालाच अस्वस्थ करते.

सरावासाठी प्रणाली निवडताना ती मुलाची इयत्ता पाहते की पातळी, हे विचारावे. वर उल्लेखलेल्या दिल्लीच्या अभ्यासात सहावीची मुले गणितात सरासरी अडीच वर्षे मागे होती. अशा मुलाला सहावीचा सराव कितीही आकर्षक रूपात दिला तरी तो त्याच्यासाठी निरर्थक असतो.

सातवी पायरी : समजले की नाही, हे तासातच पाहणे

यासाठी 'प्लिकर्स' ही पद्धत लहान शाळेला फार सोयीची आहे. प्रत्येक मुलाकडे छापील चौकोनी चिन्हाचे एक कार्ड असते. ते ज्या बाजूने धरले जाते तो त्याचा पर्याय. शिक्षक एकाच मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणाचे काय उत्तर आले ते कळते. मुलांना शेजाऱ्याचे कार्ड वाचता येत नाही, त्यामुळे नक्कल होत नाही आणि लाजाळू मूलही उत्तर देते. मोबाइल नसेल तर पाटीवर अ, आ, इ, ई लिहून एकदम वर धरायला लावले तरी हेतू बराच साधतो. उत्तरांतून तिसऱ्या भागाहून अधिक वर्ग चुकलेला दिसला, तर पुढे न जाता तिथेच थांबावे.

आठवी पायरी : मुलांची माहिती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागतो. शैक्षणिक संस्थांना काही बाबतींत सवलत असली, तरी शाळेने स्वतःची शिस्त ठेवावी. मुलांची छायाचित्रे, गुण आणि आधार क्रमांक व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकण्याची सवय सर्वप्रथम थांबवावी. उपक्रमाचे छायाचित्र पाठवणे भागच असेल तर पाठमोरी मुले किंवा त्यांचे हात व वह्या दिसतील असे घ्यावे. एखाद्या ॲपमध्ये नोंदणी करताना नावाऐवजी हजेरी क्रमांक वापरावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेची संवादप्रणाली शिक्षकाला टाचणासाठी, एकाच उदाहरणाच्या सोप्या-कठीण आवृत्त्या करण्यासाठी आणि प्रश्नसंचासाठी वेळ वाचवून देते. मात्र ती चुकीची माहितीही तितक्याच आत्मविश्वासाने देते, आणि तिच्या मराठीत लिंग, सामान्यरूप व वाक्यरचना यांच्या चुका राहतात. तिने दिलेले प्रत्येक गणित स्वतः सोडवून आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून मगच ते मुलांपुढे ठेवावे. प्राथमिक वर्गातील मुलांच्या हाती ती थेट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे; ज्या वयात वाक्य जुळवण्याचे कष्ट हेच शिक्षण असते, त्या वयात ते कष्ट काढून घेण्यात मुलाचे नुकसान आहे.

नववी पायरी : घरचा मोबाइल

'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटापैकी ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येत असल्याचे सांगितले. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो ५७ टक्क्यांनी, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी वापरला होता. म्हणून प्राथमिक शाळेने मोबाइलवर सोडवायचा गृहपाठ देऊच नये. त्या निमित्ताने फोन मुलाच्या हाती जातो आणि अभ्यास संपला तरी परत येत नाही, शिवाय घरात एकच फोन असेल तर तो बहुधा वडिलांसोबत शेतावर गेलेला असतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. पालकसभेत हे उदाहरण सांगावे आणि आपल्या गावाला कोणती वेळ सोयीची आहे, हे पालकांनाच ठरवू द्यावे.

दहावी पायरी : देखभाल आणि निर्लेखन

प्रत्येक उपकरणाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत आल्याच्या दिवशीच करावी. देणगीत मिळालेल्या वस्तूंचीही करावी, कारण त्यांची नोंद राहून गेली की पुढे दुरुस्तीवर खर्च दाखवता येत नाही. शेजारी एक वापरवही असावी : तारीख, इयत्ता, पाठ, किती मिनिटे, काय बिघडले. सातवी-आठवीच्या दोन मुलींना आणि दोन मुलांना केबल जोडणे, धूळजाळी साफ करणे आणि यंत्र थंड झाल्यावरच झाकणे शिकवावे. शिक्षकाची बदली होते आणि पासवर्ड त्याच्यासोबत जातात, म्हणून ते लखोट्यात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत.

वर्षाअखेर वापरवही आणि पहिल्या पायरीतील अडणाऱ्या पाठांची वही समोरासमोर ठेवावी. ज्या पाठांसाठी पडदा आणला, ते या वर्षी अडले का, हे पाहावे, आणि ज्या पाठात काहीच फरक पडला नाही तिथून तो निःसंकोच काढून टाकावा. जे यंत्र दोन वर्षांत एकाही पाठाला उपयोगी पडले नाही ते केंद्रातील दुसऱ्या शाळेला रीतसर हस्तांतरित करावे. जे दुरुस्त होत नाही त्याचा निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव तयार करून ते नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावे. बॅटरी आणि जुन्या चित्रनलिकांमध्ये शिसे असते; त्या वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, मुलांच्या हाताशी, एक दिवसही ठेवू नयेत.